निरोगी माणसाचं औषध

२ ऑगस्ट २०१६ला लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती निकोलस ग्रीन यांनी एका विचित्र खटल्याचा निकाल दिला. औषध गुणकारी आहे की नाही, असा वाद कोर्टापुढे नव्हता. ते गुणकारी आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. रोज एक गोळी घेतली तर एचआयव्हीची लागण टळते आणि लागण टळली की जन्मभराच्या उपचारांचा खर्चही टळतो, यावर कोणाचं दुमत नव्हतं. वाद एवढाच होता, की ही गोळी देणं हे काम कोणाचं? सरकारी आरोग्ययंत्रणा, म्हणजे एनएचएस इंग्लंड, म्हणत होती की आजार टाळण्याचं काम २०१३पासून स्थानिक पालिकांकडे गेलेलं आहे. आम्हांला हे औषध द्यायचा अधिकारच नाही. पालिका म्हणत होत्या, आमच्याकडे पैसे नाहीत. न्यायमूर्तींनी निकालात लिहिलं त्याचा आशय असा : एकाकडे अधिकार नाही, दुसऱ्याकडे पैसा नाही, आणि या भांडणात बळी जातील ती माणसं, ज्यांची लागण टाळता आली असती.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दोन टीमच्या मधोमध पडलेला बग ही आमच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट. तो सगळ्यांना दिसतो, सगळे मान्य करतात, आणि तो कोणाच्याच यादीत नसतो. त्यामुळे हा निकाल वाचताना त्यातला पेच ओळखीचा वाटला. फरक इतकाच, की आमच्याकडे त्यामुळे फार तर एखादं पान उघडत नाही.

या औषधाला 'प्रेप' म्हणतात. 'प्री-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस'चं हे लघुरूप. संसर्गाशी गाठ पडण्याआधीच घ्यायचं औषध. मलेरियाच्या मुलखात जाण्याआधी प्रवासी गोळ्या सुरू करतात, तसंच. त्याचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की त्यातला प्रयोगशाळेचा भाग तुलनेने लवकर संपतो. उरलेला सगळा इतिहास 'हे काम कोणाचं?' या एका प्रश्नाचा आहे. तो प्राग, नॉम पेन्ह, मुंबई, लंडन, कोलकाता असा फिरत फिरत पुण्यात माझ्यापर्यंत येतो, म्हणून हा लेख.

खोटी कडी

सुरुवात शीतयुद्धातल्या प्रागमध्ये होते. तिथल्या सेंद्रिय रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र संस्थेत अँटोनिन होली नावाचा रसायनतज्ज्ञ काम करत होता. १९७६मध्ये एका परिषदेत त्याची गाठ बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या एरिक डी क्लेर्क या विषाणुतज्ज्ञाशी पडली आणि दोघांची जोडी जमली. होली प्रागमध्ये रेणू बनवायचा आणि नमुने ल्यूव्हनला पाठवायचा. डी क्लेर्क ते विषाणूंवर तपासून बघायचा. मधे लोखंडी पडदा असताना हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला. त्यातून जे रेणू निघाले, त्यांतला एक पुढे 'टेनोफोविर' म्हणून ओळखला गेला.

त्याचं काम समजायला सोपं आहे. एचआयव्ही पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची साखळी विणायला घेतो, एकेक कडी जोडत. टेनोफोविर ही हुबेहूब दिसणारी खोटी कडी. विषाणू ती फसून जोडून घेतो, पण पुढची कडी अडकवायला तिला आकडाच नसतो. साखळी तिथेच थांबते. आता ही खोटी कडी विषाणू येण्याआधीच पेशीत भरून ठेवली तर? विषाणूला पाय रोवायलाच जागा मिळणार नाही.

१९९५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सिएटलच्या चमूचा एक प्रयोग छापून आला. माकडांमध्ये एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही नावाचा विषाणू असतो. पंचवीस माकडांना टेनोफोविर दिलं. काहींना विषाणू टोचण्याआधी, काहींना टोचल्यानंतर काही तासांत. पंचविसांपैकी एकालाही लागण झाली नाही. औषध न दिलेल्या दहाच्या दहा माकडांना झाली.

तरी पुढची काही वर्षं ही कल्पना मागेच राहिली, आणि ते समजण्यासारखं आहे. आजारी माणसं मरत होती. सगळं बळ त्यांना वाचवण्यात लागलं होतं. कॅलिफोर्नियातल्या गिलियड कंपनीने टेनोफोविर पोटातून घेता येईल अशा रूपात आणलं, २००१मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि २००४मध्ये एमट्रिसिटाबिन या दुसऱ्या औषधाशी त्याची जोडी करून 'ट्रुवाडा' ही गोळी आली. सगळं आजाऱ्यांसाठी. निरोगी माणसाला औषध द्यायचं, हे अजून कोणाच्या यादीत नव्हतं.

नॉम पेन्हच्या बायकांचा प्रश्न

माणसांवर चाचणी घ्यायची तर जिथे लागण जास्त होते तिथेच घ्यावी लागणार. म्हणून कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, ९६० वेश्याव्यवसायातल्या बायकांवर टेनोफोविरची चाचणी ठरली. पण या बायकांची 'विमेन्स नेटवर्क फॉर युनिटी' नावाची संघटना होती, आणि संघटनेने प्रश्न विचारले. आम्ही धडधाकट आहोत. गोळीने पुढे मूत्रपिंडं बिघडली तर उपचार कोण करणार? चाचणी दोन-तीन वर्षांत संपेल, तुम्ही परत जाल. त्यानंतर आमचं काय? त्यांनी तीस-चाळीस वर्षांच्या आरोग्यविम्याची मागणी केली. जुलै २००४मध्ये बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत निदर्शनं झाली, गिलियडच्या स्टॉलसमोर घोषणा झाल्या. ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणीच बंद केली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमध्येही अशीच चाचणी बंद पडली.

शास्त्रज्ञांना हा मोठा धक्का होता. या बायकांनी विज्ञानाचा घात केला, प्रेप काही वर्षं लांबवली, असं म्हणणारे तेव्हा होते. मला ते पटत नाही. त्यांचा प्रश्न विज्ञानाच्या विरोधात नव्हताच. आजाऱ्याला औषध देताना जोखीम आणि फायदा एकाच माणसाच्या पदरात पडतात. निरोगी माणसावर औषध तपासताना जोखीम त्याची असते, आणि फायदा कदाचित तिसऱ्याच देशातल्या चौथ्याच माणसाचा. मग त्याची जबाबदारी कोणाची? 'चाचणी संपल्यावर ही गोळी आम्हांला मिळणार का?' हा प्रश्न त्यांनी २००४मध्ये विचारला. तो जुना झालेला नाही, हे पुढे दिसेलच.

गोळी चालते, घेतली तर

चाचण्या दुसरीकडे झाल्या. नोव्हेंबर २०१०मध्ये 'आयप्रेक्स' या चाचणीचे निष्कर्ष आले. पेरू, इक्वाडोर, ब्राझील, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या सहा देशांतले, पुरुषांशी संबंध असणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया मिळून २,४९९ जण. ज्यांना ट्रुवाडा दिली त्यांच्यात लागण ४४ टक्के कमी. आकडा तसा बेताचा वाटतो. पण रक्त तपासल्यावर खरी गोष्ट कळली : अनेकांनी गोळी घेतलेलीच नव्हती. ज्यांच्या रक्तात औषध सापडलं, त्यांच्यात धोका ९० टक्क्यांहून जास्त घटला होता. पुढच्या वर्षी केनिया आणि युगांडामधल्या ४,७४७ जोडप्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. तिथे हीच दुहेरी गोळी घेणाऱ्यांमध्ये लागण ७५ टक्के कमी झाली.

आणि मग दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वे इथल्या पाच हजार स्त्रियांवरची 'व्हॉइस' चाचणी साफ फसली. गोळीचा काहीही फायदा दिसला नाही. कारण तेच. तीसेक टक्केच नमुन्यांत औषध सापडलं. बायका दवाखान्यात येत, गोळ्या नेत, आणि घेत नसत. नंतर त्यांच्याशी बोलल्यावर जी कारणं निघाली त्यांत एक होतं डबीचं. ही एचआयव्हीची औषधं आहेत. घरात नवऱ्याने, सासूने, शेजारणीने डबी पाहिली तर ती एचआयव्ही झालेल्याची डबी समजणार. जो आजार टाळायचा, तो झाल्याचाच शिक्का बसणार.

१६ जुलै २०१२ रोजी अमेरिकेच्या एफडीएने ट्रुवाडाला प्रतिबंधक औषध म्हणून मंजुरी दिली. त्याच दिवशी प्रागमध्ये अँटोनिन होली वारला, पंचाहत्तराव्या वर्षी. कथाकाराने असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

मंजुरी मिळाली म्हणजे गोळी मिळाली असं नाही. अमेरिकेत तिची किंमत वर्षाला १३ हजार डॉलरच्या घरात होती. शिवाय नैतिकतेचा कर वेगळा. एड्सच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या प्रमुखांनीच तिला पार्टी ड्रग म्हणून हिणवलं. साठच्या दशकात गर्भनिरोधक गोळी आली तेव्हाही हीच बोलणी निघाली होती. गोळी खाणारीच्या चारित्र्यावर आधी, आरोग्यावर नंतर.

दरम्यान, मुंबईत

इथे थोडं मागे जायला हवं, कारण लंडनची पुढची गोष्ट मुंबईशिवाय घडलीच नसती.

भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट देणं बंद केलं. फक्त बनवण्याच्या कृतीवर ते मिळे. म्हणजे पदार्थ तोच, पण तुमची पाककृती वेगळी असेल तर तुम्ही तो खुशाल बनवा. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५मध्ये मुंबईत काढलेली सिप्ला या कायद्याच्या आधाराने वाढली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१मध्ये एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतले लक्षावधी लोक जगले त्यामागे हा आकडा आहे.

२००५मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अटींप्रमाणे भारताला औषधांवर पेटंट देणं भाग पडलं. पण नव्या कायद्यात दोन कळीच्या गोष्टी राहिल्या. कलम ३(ड) : जुन्याच रेणूला नवं मीठ-मसाला लावून नवं पेटंट मागता येणार नाही, गुण वाढला असेल तरच. आणि दुसरी, पेटंट मिळण्याआधी त्याला कोणीही हरकत घेऊ शकतो. गिलियडने टेनोफोविरच्या पोटात घ्यायच्या रूपासाठी भारतात पेटंट मागितलं, तेव्हा सिप्लाबरोबरच हरकत घेणाऱ्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटना होत्या. 'पेटंट' हा शब्द ज्यांच्या आयुष्यात कधी यायचं कारण नव्हतं, अशी माणसं रसायनशास्त्राचे आक्षेप घेऊन पेटंट कार्यालयाच्या दारात उभी राहिली. २००९मध्ये गिलियडचे अर्ज फेटाळले गेले.

त्यांच्या डोळ्यांसमोर प्रेप नव्हती. स्वतःचे उपचार होते. पण त्यांनी उघडं ठेवलेलं दार पुढे भलत्यांच्याच कामी आलं.

लंडन : तीन महिन्यांचा साठा

इंग्लंडमध्ये २०१२च्या शेवटी 'प्राउड' ही चाचणी सुरू झाली. ५४४ पुरुष, निम्म्यांना गोळी लगेच, निम्म्यांना वर्षाने. ऑक्टोबर २०१४मध्ये, वेळेआधीच, सगळ्यांना गोळी द्यावी असं ठरलं, कारण थांबवून ठेवणं अन्यायाचं दिसू लागलं. लगेच गोळी मिळालेल्यांत तिघांना लागण झाली, वाट पाहणाऱ्यांत वीस जणांना. ८६ टक्के घट. एवढा पुरावा हातात असताना मार्च २०१६मध्ये एनएचएस इंग्लंडने जाहीर केलं, की हे आमचं काम नाही.

या मधल्या काळात लोकांनी आपला रस्ता काढला. ग्रेग ओवेन हा बेलफास्टहून लंडनला आलेला बारमन. २०१५च्या उन्हाळ्यात तो प्रेप सुरू करणार होता. त्याआधी एचआयव्हीची तपासणी करावीच लागते, कारण लागण आधीच झाली असेल तर ही दोन औषधं पुरत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावतो. तपासणीत कळलं, की उशीर झाला होता. त्याने ते लपवलं नाही, सगळ्यांना सांगितलं. लोक विचारू लागले, ही गोळी मिळते कुठे? मग त्याने आणि ॲलेक्स क्रॅडॉक या मित्राने ऑक्टोबर २०१५मध्ये 'आय वाँट प्रेप नाऊ' नावाची वेबसाइट काढली. तिच्यावर काही विकत नव्हते. कायद्याने स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांचं औषध परदेशातून मागवता येतं, कोणते विक्रेते विश्वासू आहेत, आधी कोणत्या तपासण्या करायच्या, एवढीच माहिती.

मागवायची गोळी म्हणजे भारतीय जेनेरिक. त्यांत सिप्लाची 'टेनव्हिर-ईएम' प्रमुख. एनएचएसच्या दरपत्रकात ट्रुवाडा महिन्याला साडेतीनशे पौंडांच्या वर होती. ही पन्नासेक पौंडांत घरपोच. पाकिटातली गोळी खरी कशावरून, ही भीती होतीच. सोहोमधल्या '५६ डीन स्ट्रीट' या सरकारी क्लिनिकने त्यावर सरळ उपाय केला : औषध लिहून देता येत नसेल, पण रक्त तर तपासता येतं. त्यांनी ऑनलाइन गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजलं. गोळ्या खऱ्या निघाल्या. मॅग्ज पोर्टमनसारख्या डॉक्टरांनी नियमांच्या कडेकडेने चालत या मंडळींना साथ दिली.

२०१५ ते २०१६ या एका वर्षात लंडनच्या मोठ्या क्लिनिकांत समलिंगी पुरुषांमधल्या नव्या निदानांची संख्या चाळीसेक टक्क्यांनी पडली. सगळं श्रेय प्रेपचं नाही. तपासण्या वाढल्या होत्या, निदान झाल्याबरोबर उपचार सुरू होत होते, आणि उपचारांनी विषाणू दबला की तो माणूस दुसऱ्याला लागण देत नाही. पण इतकी उतरण त्या शहराने आधी पाहिली नव्हती, आणि तिच्यात पोस्टाने येणाऱ्या पाकिटांचाही वाटा असावा.

खटला नॅशनल एड्स ट्रस्ट या संस्थेने जिंकला. त्यानंतर एनएचएस इंग्लंडने एक पत्रक काढलं : प्रेपला पैसे द्यावे लागले तर इतर उपचार अडचणीत येऊ शकतात, त्यांत आजारी मुलांची औषधं होती, कृत्रिम अवयव होते. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर प्रेपला चैनीच्या जीवनशैलीचं औषध ठरवलं आणि मोतीबिंदूच्या रुग्णांना तिच्यासमोर उभं केलं. दोन गरजवंतांना आपसांत लढवून देणाऱ्याने बाजूला होण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. नोव्हेंबरमध्ये एनएचएस अपिलातही हरली. तरी सरसकट गोळी दिली गेली नाही. दहा हजार जणांची आणखी एक चाचणी जाहीर झाली, ती ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झाली, कित्येक क्लिनिकांत जागा भराभर भरल्या आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. स्कॉटलंडने तोवर, २०१७च्या उन्हाळ्यात, गोळी सरळ द्यायला सुरुवातही केली होती. इंग्लंडमध्ये ती नियमित मिळू लागली २०२०मध्ये. अमेरिकेतल्या मंजुरीनंतर आठ वर्षांनी.

काखेत कळसा

लंडनच्या माणसाला पोस्टाने मिळणारी ही गोळी भारतीय बनावटीची होती. मग इथे ती कोण घेत होतं?

सर्वांत आधी घेतली ती कोलकात्याच्या सोनागाछीतल्या आणि म्हैसूरच्या बायकांनी. सोनागाछीत दरबार महिला समन्वय समिती आणि म्हैसूरला अशोदया समिती, या दोन्ही वेश्याव्यवसायातल्या बायकांनी स्वतः चालवलेल्या संघटना. त्यांनी आधी आपापल्या वस्तीत चर्चा केली : गोळी म्हणजे काय, कंडोम सुटेल का, गिऱ्हाईक काय म्हणेल, घरी काय सांगायचं. मग दोन्हीकडे मिळून तेराशेच्या वर बायकांनी प्रेप घेतली. त्या काळात त्यांच्यात एकही नवी लागण झाली नाही. आफ्रिकेतल्या चाचणीत गोळी न घेण्याचं जे कारण होतं, डबीचा शिक्का, ते इथेही होतंच. पण गोळी देणारी, आठवण करणारी, शंका फेडणारी बाई त्यांच्यातलीच होती. नॉम पेन्हच्या बायकांना जे हवं होतं, म्हणजे आधी आम्हांला विचारा, ते इथे झालं होतं.

पण प्रकल्प हा प्रकल्प असतो. त्याला शेवटची तारीख असते. आपल्याकडे नॅकोच्या कार्यक्रमातून कंडोम मोफत मिळतात, सुयांमधून नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया मिळतात, आणि २००४पासून एचआयव्हीचे उपचारही मोफत आहेत. हे काम मोठं आहे आणि त्याने लाखो जीव वाचले. म्हणजे आजार टाळणं कोणाचं काम, हा इंग्लंडचा घोळ आपल्याकडे निदान कागदावर तरी नाही. तरी प्रेप मात्र बहुतेकांना आजही स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. देशात दरवर्षी साठ हजारांहून जास्त नव्या लागणी होतात.

मी ती गेली तीन वर्षं घेतो. मला पुरुष आवडतात, पुण्यात राहतो, आणि आकडे वाचता येतात. एवढं कारण पुरेसं आहे. पहिल्या डॉक्टरांशी झालेलं बोलणं असं :

"तुम्हांला झालंय काय?"

"काही नाही."

"मग औषध कशाला?"

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी एचआयव्ही, कावीळ बी आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, दर तीन महिन्यांनी परत यायचं बजावलं, आणि या गोळीने गरमी-परमा टळत नाही, कंडोम सोडायचा नाही, हे दोनदा सांगितलं. केमिस्टने चिठ्ठी वाचली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "पेशंट कोण आहे?" मी म्हटलं, "मीच. म्हणजे, पेशंट नाही." त्याने डबी वर्तमानपत्रात गुंडाळली, सॅनिटरी पॅड गुंडाळतात तशी, आणि सुटे परत देताना पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले. डबी मी ऑफिसच्या बॅगेत ठेवतो. चालताना ती खुळखुळते. त्या आफ्रिकेतल्या बायकांनी सांगितलेलं कारण मला संशोधनपत्रिकेत वाचायची तशी गरज नव्हती.

महिन्याचा खर्च माझ्या इंटरनेटच्या बिलाहून जास्त आणि एका बऱ्या बूटजोडीहून कमी. मला परवडतो. मला इंग्रजी येतं, डॉक्टर बदलता येतो, केमिस्टला 'पेशंट नाही' असं तोंडावर सांगता येतं. माझ्या खोलीपासून बुधवार पेठ चार किलोमीटरवर आहे. तिथल्या बाईला, किंवा सिग्नलवर उभ्या असलेल्या तृतीयपंथी माणसाला, माझ्यापेक्षा या गोळीची गरज जास्त आहे, आणि माझ्याकडे असलेल्या या तिन्ही गोष्टी तिच्याकडे असतीलच असं नाही. प्रेपची सोय सध्या 'ज्याने मागितली त्याला' अशी आहे. मागायला आधी ती आहे हे कळावं लागतं, आणि मग निरोगी असूनही औषध मागण्याचं धाडस लागतं.

लिमा आणि पुणे

जून २०२४मध्ये लेनाकापाविर या नव्या औषधाची बातमी आली. गोळी नाही, इंजेक्शन. सहा महिन्यांतून एकदा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या ज्या २,१३४ तरुण स्त्रियांना ते दिलं, त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. शून्य. खुळखुळणारी डबीच नाही, म्हणून लपवायचंही काही नाही. जून २०२५मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिथली किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. गिलियडने सहा कंपन्यांना १२० देशांसाठी ते स्वस्तात बनवायची परवानगी दिली आहे. त्यांत हैदराबादच्या दोन कंपन्या आहेत आणि आपल्या पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या कंपन्यांचं इंजेक्शन २०२७पासून वर्षाला चाळीस डॉलरला देण्याचे करारही झाले आहेत.

आता त्या १२० देशांची यादी बघा. तिच्यात ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू नाहीत. याच औषधाच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत या चारही देशांतल्या लोकांनी भाग घेतला होता. पेरू आणि ब्राझीलच्या लोकांनी तर २०१०च्या त्या पहिल्या चाचणीतही दंड पुढे केला होता. चाचणी संपल्यावर हे आम्हांला मिळणार का, हा नॉम पेन्हच्या बायकांचा प्रश्न आज लिमातला माणूस विचारतो आहे.

आणि जे देश यादीत आहेत त्यांचंही सगळं सुरळीत नाही. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. नंतर काही सूट दिली, तिच्यात प्रेप ठेवली ती फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी. बाकीच्यांची गोळी देणं हे काम आता कोणाचं, याचं उत्तर आफ्रिकेतल्या अनेक देशांची आरोग्यखाती तेव्हापासून शोधत आहेत.

चाळीस डॉलर म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. वर्षाला दोन इंजेक्शनं, एका माणसामागे. उद्या सरकारी कार्यक्रमात ते आलं, तर बुधवार पेठेतल्या बाईला कोणत्याही केमिस्टसमोर उभं राहावं लागणार नाही. औषध पुण्यातली कंपनी बनवू शकते, वस्तीत काम करणाऱ्या संस्था आहेत, बायकांच्या हाती कारभार दिला तर प्रेप कशी पोचते हे सोनागाछी आणि म्हैसूरने दाखवलेलं आहे. फक्त कोणीतरी म्हणायला हवं, की हे आमचं काम आहे. लंडनमध्ये ते म्हणायला लावण्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं.